एका कुंडीत तीन थर, पाच महिने फुले





या पानावर मी नेहमी लागण, बेणे, पाचट, खोडवा आणि तोडीचा कार्यक्रम यांवरच लिहीत आलो. या खेपेला फुलांच्या कांद्यांवर लिहितो आहे. "साहेबांनी ऊस सोडून कुंड्या भरायला घेतल्या काय?" असे गटातले एक सभासद मला हसत म्हणाले. हसू द्या. कुंडी भरताना मी जी चूक केली तीच चूक ऊस लावणाराही करतो. शिवाय माझ्या चुकीत नुकसान माझे झाले नाही, दुसऱ्याचे झाले. म्हणून ही हकिगत सांगणे मला भाग आहे.

असोद्याची ओसरी

तीन वर्षांपूर्वी आखाजी नुकतीच होऊन गेली होती. मी ऊस नोंदीच्या कामासाठी असोद्याला गेलो होतो. असोद्याच्या शिवारात केळी, कपाशी आणि भरिताची वांगी यांचे राज्य. ऊस आपला कुठे कुठे. एका सभासदाच्या घरी ओसरीवर चहा घेत बसलो होतो. त्यांच्या आई तिथेच खांबाला टेकून बसल्या होत्या. वय ऐंशीच्या घरात, गुडघे पार गेलेले. पूर्वी रोज मळ्यातून फुले आणून देवपूजा करायच्या. आता नातू जळगावहून फुलांची पुडी आणतो, आणि तीही त्याला आठवण राहील त्या दिवशी.

आजी म्हणाल्या, "देव काही बोलत नाही भाऊ, पन मले चुकल्यासारखं वाटतं."

त्यांच्या परसात मोरीच्या पाण्यावर गुलछडीचे आणि पावसाळी लिलीचे बेट होते. हे कांदे त्यांच्या माहेरचे. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला माहेरी गेल्या, तेव्हा येताना पदरात बांधून आणलेले. असोदे हे बहिणाबाई चौधरींचे माहेर हे आपण सगळे जाणतो. १८८० साली त्यांचा जन्म इथलाच. या आजींचे मात्र असोदे सासर, आणि माहेर म्हणून जे उरले ते या मोरीजवळच्या बेटात. पण परसात उतरायला चार पायऱ्या. त्या चार पायऱ्या आजींना आता जमत नव्हत्या.

मला लगेच शहाणपण सुचले. "आजी, हे सगळे कांदे काढू आणि ओसरीवर कुंडीत लावू. एकाच कुंडीत थरावर थर लावले तर महिनोन्‌महिने फुले मिळतात. परदेशात असेच करतात."

परदेशातली रीत

ही रीत मी एका मासिकात वाचली होती. हॉलंडमध्ये लोक मोठ्या कुंडीत कांद्यांचे थर लावतात. सर्वांत खाली ट्यूलिप, त्यावर मातीचा थर देऊन नार्सिसस, आणि अगदी वर क्रोकससारखे बारके कांदे. इटलीत थरावर थर रचून लझान्या नावाचा पदार्थ करतात, त्याचेच नाव त्यांनी या लागवडीला दिले आहे. लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरात. बर्फाचा हिवाळा सरला की आधी वरचा क्रोकस फुलतो, तो ओसरला की नार्सिसस, आणि शेवटी ट्यूलिप. कुंडी एक, जागा एक, पण फुले तीन पाळ्यांत.

आपल्याला ही गोष्ट नवी वाटायचे कारण नाही. आपला गाळप हंगाम याच हिशेबावर चालतो. सगळा ऊस एकाच पंधरवड्यात पक्व झाला तर गव्हाणीपुढे बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग लागेल, आणि महिनाभराने गव्हाण रिकामी पडेल. म्हणून आपण आडसाली, पूर्वहंगामी आणि सुरू अशा लागणी वाटून घेतो, त्यांच्या जोडीला खोडवा असतो. कोसी ६७१ सारखी जात लवकर पक्व होते, को ८६०३२ त्यामानाने उशिरा. लागणीची तारीख आणि जात यांचा मेळ बसला तरच कारखान्याला सलग ऊस मिळतो. थरांची कुंडी म्हणजे फुलांचा तोडणी कार्यक्रमच समजा.

इथपर्यंत माझे बरोबर होते. चूक पुढे झाली.

माझ्या तीन चुका

आजी म्हणाल्या, "थोडे कांदे मोरीजवळ राहू द्या." मी म्हणालो, "कशाला? अर्धवट काम नको, सगळे काढा." त्यांच्या मुलाने बेट खणले. मी घरातला एक जुना रांजण घेतला आणि बुडाला एक भोक पाडले. तळाशी कारखान्यावरून आणलेला ताजा प्रेसमड घातला, वर शेतातली काळी माती. मोठा कांदा खाली आणि लहान वर, हा परदेशी नियम मला पाठ होता. म्हणून गुलछडीचे सगळे कांदे तळाशी, जवळजवळ वीतभर खोल लावले. वर पावसाळी लिली लावली आणि रोज तांब्याभर पाणी घालायला सांगितले.

जुलैत झड लागली. पाच-सहा दिवस सूर्य दिसला नाही. पावसाळी लिलीची चार पाने वर आली, गुलछडीचा पत्ता नाही. ऑगस्टमध्ये मी रांजण उकरून पाहिला. खालचे कांदे बोटाने दाबले की मऊ लागत होते आणि कुजका वास येत होता. एकही जिवंत नव्हता.

पहिली चूक पाण्याच्या निचऱ्याची. एका भोकात काळी माती बसली आणि तळात पाणी साचले. काळी माती शेतात सोने खरी, पण रांजणात तिचा चिखल होतो.

दुसरी चूक कच्च्या खताची. न कुजलेला प्रेसमड कुजताना तापतो. त्याला टेकून बसलेल्या कांद्याची मुळे भाजतात. उसाच्या सरीत ताजा प्रेसमड बेण्यालगत टाकू नका, असे मी तुम्हाला किती वेळा सांगितले असेल! आणि तीच गोष्ट मी स्वतः केली.

तिसरी चूक नियमाची आंधळी नक्कल. हॉलंडात कांदा खोल लावतात, कारण तिथे वरची माती गोठते. शिवाय ट्यूलिपला फुलण्यासाठी साधारण बारा ते सोळा आठवडे कडक थंडी लागते, ती त्याला जमिनीतच मिळते. श्रीनगरला दल सरोवराजवळ ट्यूलिपची मोठी बाग आहे, ती तिथल्या हिवाळ्यामुळे. आपल्या खान्देशात जानेवारीत पहाटे हुडहुडी भरते, पण दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो, आणि मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्यांचे घड्याळ बर्फ आहे, आपले घड्याळ मृगाचा पाऊस आहे. गुलछडी मूळची मेक्सिकोची. तिला ऊब चालते, पाऊस चालतो, पण चिखलात बुडून बसणे चालत नाही.

आजींना सांगायला गेलो तेव्हा माझी मान खाली होती. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, तुमी साहेब असाल, पन कांद्याले बी जीव असतो. त्याले बुडवून ठेवलं त तो काय करीन?" मग सुनेला हाक मारून मोरीकडे बोट दाखवले. तिथे केळीच्या आडोशाला गुलछडीची आठ-दहा रोपे डोलत होती. मी निघून गेल्यावर आजींनी मुलाला न सांगता सुनेकडून थोडे कांदे परत लावून घेतले होते. "हातचं राखावं मानसानं," एवढेच त्या बोलल्या.

ही गोष्ट मी डायरीत लिहून ठेवली. नवी जात आली की सगळे रान एकदम त्या जातीखाली घालू नका, आधी दोन गुंठ्यांवर पाहा, असे आपण सभांत सांगतो. माहेरचे साठ वर्षांचे बेणे मी एका रांजणात घालायला निघालो होतो.

आपल्याकडे जमणारी कुंडी

त्यानंतर दोन हंगाम मी माझ्या घरी कुंड्या लावून पाहिल्या आणि गेल्या वर्षी आजींच्या ओसरीवर पुन्हा एक भरली. जे जमले ते सांगतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. खोल लावल्याने फूल महिनाभर उशिरा येत नाही, फार तर थोडे दिवस मागे पडते. फूल केव्हा येणार हे कांद्याची जात ठरवते. थर फक्त प्रत्येकाला जागा करून देतो. म्हणून एका कुंडीत असेच सोबती निवडा, ज्यांची तहान सारखी आणि विश्रांतीचा काळही सारखा. एकाला पाणी हवे आणि दुसऱ्याला कोरडी झोप हवी असेल, तर एकाचे पाणी दुसऱ्याला कुजवते.

आपल्या हवेत पावसाळ्याचे तीन सोबती चांगले जमतात.

तळाला ग्लॅडिओलस. याचा कंद खोल लागवड सोसतो, उलट खोल असला तर दांडा कमी पडतो. लागणीपासून जातीप्रमाणे साधारण ६० ते ९० दिवसांत फुलतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या फुले गणेश, फुले प्रेरणा, फुले तेजस, फुले नीलरेखा अशा जाती आहेत.

मध्ये गुलछडी, म्हणजे निशिगंध. लागणीनंतर तीन ते साडेतीन महिन्यांनी दांडे येऊ लागतात आणि पुढे एकामागून एक येत राहतात. देवाला आणि हाराला एकेरी गुलछडी बरी, तिला वास जास्त. विद्यापीठाची फुले रजनी आणि बंगळूरच्या बागायती संस्थेच्या शृंगार व प्रज्वल या एकेरी जाती प्रसिद्ध आहेत. घरचे जुने बेणे असेल तर तेही चांगले.

वर पावसाळी लिली. गुलाबी आणि पिवळी. चांगला पाऊस होऊन गेला की काही दिवसांत फुलांचा घोस वर येतो. एक फूल एक-दोन दिवसच टिकते, पण दर मोठ्या पावसानंतर नवी उठतात.

भरण्याची रीत

कुंडी किमान १५ इंच खोल आणि तेवढीच रुंद घ्यावी. जुना माठ, रांजण किंवा पत्र्याचा डबाही चालतो, पण बुडाला बोटाएवढी चार भोके हवीतच. कुंडी दोन विटांवर ठेवावी, म्हणजे पाणी निघून जाईल. खाली ताटली ठेवू नये. तिच्यात पाणी साचते आणि डास होतात.

मातीसाठी दोन पाट्या नदीकाठची पोयट्याची माती, एक पाटी भरड वाळू आणि एक पाटी पूर्ण कुजलेले शेणखत किंवा प्रेसमडचे कंपोस्ट एकत्र करावे. कंपोस्ट काळे, भुसभुशीत आणि थंड असले पाहिजे. हात घातल्यावर गरम लागले तर ते अजून तयार नाही.

कांदे लावण्यापूर्वी बेणेप्रक्रिया करावी. मऊ पडलेले आणि डाग असलेले बाजूला काढावेत. राहिलेले ट्रायकोडर्माच्या पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत निथळू द्यावेत. उसाच्या टिपऱ्यांना जे आपण करतो तेच इथे.

मग थर असे द्यावेत:

१. तळाला २ इंच खापऱ्या किंवा कौलाचे तुकडे.
२. त्यावर ५ इंच माती.
३. ग्लॅडिओलसचे ४ कंद, चपटी बाजू खाली आणि डोळा वर.
४. त्यावर अडीच इंच माती.
५. गुलछडीचे ५ कांदे. हे खालच्या कंदांच्या बरोबर डोक्यावर येऊ नयेत, मधल्या जागेत यावेत.
६. दीड इंच माती, म्हणजे गुलछडीची शेंडी जेमतेम झाकेल.
७. काठाकाठाने पावसाळी लिलीचे १० ते १२ कांदे.
८. वरून २ इंच माती आणि काठापर्यंत २ इंच जागा पाण्यासाठी मोकळी.

लागण मृगाचा पाऊस पडून हवा निवल्यावर करावी. मे महिन्याच्या झळांत लावण्याची घाई करू नये, विशेषतः ग्लॅडिओलसची. आखाजीला कांदे निवडावेत, माती तयार करावी, आणि मृगात लागण.

जागा अशी हवी की सकाळचे चार-पाच तास ऊन मिळेल आणि दुपारची झळ लागणार नाही. धाब्यावर कुंडी ठेवाल तर ऑक्टोबरच्या उन्हात ती तापते. पाणी रोजच्या सवयीने घालू नये. बोट दोन पेरे मातीत घालावे, कोरडे लागले तरच पाणी. झड असेल तेव्हा मुळीच नको. ग्लॅडिओलसचा दांडा उंच जातो, त्याला तुराटीचा आधार सैल बांधावा.

वेळापत्रक

जुलैत पहिल्या मोठ्या पावसानंतर पावसाळी लिली. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत ग्लॅडिओलस. गौरी-गणपती त्यात साधतात. सप्टेंबरच्या अखेरीपासून गुलछडी, ती नवरात्र आणि दिवाळी ओलांडून थंडी वाढेपर्यंत चालते. असे जुलै ते नोव्हेंबर पाच महिने. जूनमध्येही फूल हवे असेल तर एक लहान कुंडी फुटबॉल लिलीची वेगळी ठेवा. पावसाच्या तोंडावर तिचा लाल गोळा फुलतो. तिला मात्र या थरांत घालू नका, कारण थंडीत तिला कोरडी झोप लागते आणि तेव्हा आपल्या कुंडीत गुलछडीला पाणी चालू असते. मोठ्या लाल लिलीचा कांदाही थरात गाडू नये. त्याची मान मातीच्या वर राहिली पाहिजे, नाहीतर तो कुजतो.

ज्यांना थरांची खटपट नको त्यांनी तारखा लावाव्यात. ऑक्टोबरपासून दर पंधरा दिवसांनी एकेका डब्यात चार ग्लॅडिओलस लावले तरी हिवाळाभर पाळीपाळीने फुले येतात. हिशेब तोच.

हंगाम संपल्यावर

डिसेंबरनंतर पाणी कमी करावे. पाने पिवळी पडली की कुंडी पूर्ण उलटी करून कांदे वेगळे करावेत. तळाचा थर नुसता उकरून निघत नाही, म्हणून सगळी रिकामी करणेच बरे. गुलछडीचा जो कांदा एकदा फुलला तो पुन्हा फुलत नाही. त्याच्या बगलेला आलेली पिल्ले पुढे फुलतात. त्यातली सुपारीपेक्षा मोठी पिल्ले कुंडीसाठी ठेवा, बारीक पिल्ले परसात एक वर्ष वाढू द्या. ग्लॅडिओलसच्या जुन्या कंदावर नवा कंद बसलेला असतो. नवा ठेवा, जुना टाका. सगळे सावलीत सुकवून कोरड्या वाळूत, माठात, घराच्या थंड कोपऱ्यात ठेवावेत. आपल्या उन्हाळ्यात ग्लॅडिओलसचे काही कंद सुकून जातात, हे धरूनच चालावे.

आणि एक महत्त्वाची सूचना. हे कांदे दिसायला खायच्या कांद्यासारखेच असतात. लिलीच्या जातींचे कांदे विषारी आहेत. पोटात गेले तर उलट्या होतात. म्हणून ते चाळीत किंवा स्वयंपाकघरात ठेवू नका, माठाला चिठ्ठी लावा, पोरांपासून आणि शेळ्यांपासून लांब ठेवा. रानातली कळलावी दिसायला सुंदर, पण तिचा कंद जीवघेणा. ती घरच्या कुंडीत आणूच नका.

महाग कांदे घेतानाही हात आखडता असू द्या. हॉलंडात ट्यूलिपच्या कांद्याचे भाव चढत चढत १६३७ च्या फेब्रुवारीत एकाएकी कोसळले. कांद्याचा भाव कोसळणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावायला नको. शेजारणीकडून दोन पिल्ले मागून घ्या. पैसे कमी लागतात आणि बेणे आपल्या हवेतले मिळते.

पुन्हा असोदे

गेल्या वर्षी मृगात आजींच्या ओसरीवर कुंडी भरली. या वेळी किती कांदे घ्यायचे ते आजींनी ठरवले. मोरीजवळच्या बेटातले निम्मे कुंडीत, निम्मे जागच्या जागी. ग्लॅडिओलसचे कंद मी माझ्या घरचे नेले. चारातला एक उगवलाच नाही, बाकीचे गणपतीत फुलले. गुलछडी दसऱ्याच्या आधी चार दिवस सुरू झाली.

दिवाळीनंतर उसाची पाहणी करायला गेलो तेव्हा आजी खांबाजवळच बसल्या होत्या. बसल्या जागेवरून हात लांब करून त्यांनी गुलछडीची चार फुले खुडली आणि नातवाच्या हाती देवघरात पाठवली. मला म्हणाल्या, "आता पुडीची वाट पाहत नाही." निघताना कागदात बांधून पाच पिल्ले दिली. त्यातली तीन मी कुंडीत लावणार आहे. दोन परसात. हातचे राखायला मीही आता शिकलो.

सभासद भगिनींना विनंती, की येत्या मृगात एक कुंडी अवश्य भरून पाहावी. प्रेसमडचे कुजलेले कंपोस्ट आणि ट्रायकोडर्मा यांबाबत आपल्या गट कार्यालयात चौकशी करावी, आणि कुंडी साधली किंवा फसली, दोन्ही कळवावे. फसली तर का फसली तेही लिहावे. त्याचा उपयोग पुढच्याला होतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी